सरावात गोल, सामन्यात चूक: मनातल्या मनात केलेल्या सरावाने फरक पडतो का?

तुमचा मुलगा सरावात पेनल्टी सहज मारतो, सामन्यात मात्र त्याचे पाय जड होतात, म्हणून कुणी त्याला ‘डोळे मिटून खेळ बघ’ असं सुचवलंय. याचा खरंच उपयोग होतो का, असं तुम्ही विचारता. होतो. मी गोव्यात, डिचोलीत शाळकरी मुलांना फुटबॉल शिकवतो. जून-जुलैत मैदानात पाणी साचतं तेव्हा आम्ही हेच करतो.

पण बहुतेक मुलं आडवी पडून स्वतःला टीव्हीवर पाहिल्यासारखी पाहतात. गोल झाला, जल्लोष झाला! हे स्वप्नरंजन. सराव अंगात उतरायला हवा. बूट घालून उभं राहायचं. चेंडू ठिपक्यावर ठेवताना बोटांना लागणारी माती, रेफरीची शिट्टी, छातीतली धडधड, सगळं येऊ द्यायचं. धडधड तर यायलाच हवी. मग खऱ्याइतकाच वेळ घेत धाव आणि ११ मीटरवरून फटका, स्वतःच्याच डोळ्यांनी बघत. होम्स आणि कॉलिन्स या क्रीडा मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये मांडलेल्या पद्धतीचा गाभा हाच आहे. अशी कल्पना करताना मेंदूतले हालचाल ठरवणारे बरेचसे भाग प्रत्यक्ष हालचालीसारखेच कामाला लागतात. इंग्लंडचा फुटबॉलपटू वेन रूनी तर सामन्याच्या आदल्या दिवशी विचारून घ्यायचा, उद्या जर्सी आणि मोजे कुठल्या रंगाचे? म्हणजे रात्री डोळ्यांसमोर येणारं चित्र अचूक असावं.

माझ्याकडच्या एका मुलाला मनातसुद्धा चेंडू बारवरूनच जाताना दिसायचा. मी त्याला तेच पुन्हा पुन्हा करायला लावलं, ते चुकलं. तो चूकच घोटत होता. मग फटका बाजूला ठेवला. काही दिवस फक्त चेंडू ठेवणं आणि टेकायचा पाय चेंडूशेजारी नेमका कुठे पडतो ते पाहणं. हळूहळू चेंडू खालच्या कोपऱ्यात जाताना दिसू लागला. तुमच्या मुलाला आधी विचारा, त्याला काय दिसतं.

रोज दहा मिनिटं पुरेत, आणि तीही मैदानावरच्या सरावाला जोडून. १९८३ मध्ये फेल्ट्झ आणि लँडर्स या संशोधकांनी तोवरचे अनेक प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा नुसता मनातला सराव काहीच न करण्यापेक्षा सरस ठरला होता. तरी चेंडू मारणं सुटता कामा नये.

पुढचा सामना म्हापशाला धुळेरच्या स्टेडियमवर आहे म्हणता, तर जमल्यास त्याला आधी एकदा तिथे नेऊन आणा. तिथलं गवत कृत्रिम आहे, चेंडू आपल्या मातीपेक्षा वेगळा सरकतो. ठिपक्याजवळ उभं राहून त्याला गोलपोस्ट नीट बघू दे, मग घरी आल्यावर डोळे मिटायला सांगा.