बारावीत जमलेली केमिस्ट्री कॉलेजात का अडते?

"मॅडम, बारावीत केमिस्ट्रीत चांगले मार्क होते. आता लेक्चरमध्ये सगळं समजतं, पण पेपरात काहीच लिहिता येत नाही. मी सायन्सला यायलाच नको होतं का?"

गणपती उठले की हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे यायला लागतो आणि दिवाळीपर्यंत येत राहतो. विचारणारी मुलं बी.एस्सी.च्या पहिल्या सेमिस्टरची असतात. काही नागपूरचीच, बरीचशी काटोल, सावनेर, उमरेड, रामटेककडून येऊन भाड्याच्या खोलीत राहणारी. फिजिक्स अवघड जाणार हे त्यांनी आधीच मनाशी धरलेलं असतं. केमिस्ट्री मात्र कालपर्यंत मार्क मिळवून देणारा विषय होता, म्हणून तिथला फटका जास्त लागतो.

याच काळजीने आलेल्या एका मुलाची गोष्ट सांगते. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरी संत्र्याची बाग. नागपुरात क्लास लावून दोनदा 'नीट' ही मेडिकलची प्रवेश परीक्षा दिली, नंबर लागला नाही, मग बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या पहिल्या टेस्टमध्ये ५० पैकी ११.

"दिवसभर वाचून राहिलो मॅडम. पण पेपर हातात आला की डोकं कोरं. माझा सायन्सचा मेंदूच नाही."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. दिसूनच राहिलं ना."

माझं काम इथेच सुरू होतं. अकरा मार्क ही घडलेली गोष्ट आहे. 'मेंदूच नाही' हा त्यावर त्याने स्वतःच दिलेला निकाल आहे, आणि रात्री झोप उडवतो तो हा निकाल. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या विचारपद्धतीवर माझा पहिल्यापासून भर आहे. माणसाच्या अस्वस्थतेमागचं वाक्य शोधायचं आणि ते पुराव्यावर घासून पाहायचं. 'तू हुशार आहेस रे' असं म्हणून मी कोणाला परत पाठवत नाही. तो दिलासा जिना उतरेपर्यंतही टिकत नाही.

पुरावा पाहायचा म्हणून त्याला टेस्टचा पेपर आणायला सांगितला. मी स्वतः केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं आणि मग मानसशास्त्राकडे वळले, त्यामुळे असा पेपर मला नीट वाचता येतो. प्रत्येक प्रश्नात सुरुवात बरोबर होती. सूत्र आठवत होतं, समीकरण बॅलन्स होतं, आणि पुढे कोरी जागा. मी विचारलं, "इथे थांबलास तेव्हा मनात काय होतं?" तो बराच वेळ पेपराकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "पर्याय नव्हते."

हे मी अनेक मुलांच्या बाबतीत पाहिलं आहे. नीटमध्ये केमिस्ट्रीचे ४५ प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. दोन-तीन वर्षं रोज तोच सराव झाला की समोरच्या चारांतून बरोबर उत्तर ओळखण्याची नजर तयार होते. ती खरी क्षमता आहे, तिला मी कमी लेखत नाही. पण कोऱ्या कागदावर उत्तर उभं करणं हे वेगळं काम आहे आणि त्याचा सराव या मुलांना कोणी दिलेलाच नसतो. पुस्तक पुन्हा पुन्हा वाचण्यातही हीच गफलत होते. रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्याने पुढे होते ते, ज्यांनी उतारा बाजूला ठेवून आठवून लिहिलं होतं. 'रात्री सगळं येत होतं, पेपरात गेलं' ही मुलांची तक्रार म्हणूनच खरी असते. रात्री जे येत होतं ते ओळखणं होतं.

पुढच्या भेटीत मी त्याला नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया होण्याचं समीकरण लिहायला सांगितलं. क्षणात लिहिलं, बरोबर बॅलन्स केलं. "आता भांड्यात काय असेल त्याचं चित्र काढ. अणू म्हणजे गोळे." त्याने नायट्रोजनचे दोन गोळे जोडून काढले. हायड्रोजनचे सहा गोळे मात्र एकाच माळेत ओवले. समीकरणातल्या 3H₂ मधल्या आधीच्या ३ चा आणि खालच्या २ चा अर्थ त्याच्या लेखी एकच होता. मी चूक दाखवली नाही. कागद बाजूला ठेवला आणि घरचं विचारलं.

"बागेत तू काय करतोस?"

"सुटीत सगळंच. झाडांवर डिंक्या रोग आला की बोर्डोचं औषध करतो बाबांसोबत."

"कसं करतात?"

इथे त्याचा आवाज बदलला. एक किलो मोरचूद वेगळ्या पाण्यात विरघळवायचं, एक किलो कळीचा चुना वेगळा भिजवायचा, फवारायचं असेल तर मिळून शंभर लिटर, खोडाला लावायची पेस्ट असेल तर दहा लिटर. लोखंडी भांडं चालत नाही. त्याच दिवशी वापरून टाकायचं. आणि शेवटी, "बाबा विळा बुडवून पाहतात. लाल झाला तर आणखी चुना टाकतात."

"लाल काऊन होतो?"

तो गप्प. मी पर्याय दिले नाहीत. पंख्याचा आवाज ऐकत आम्ही दोघं बसलो. अशा वेळी समुपदेशकाने बोलायचं नसतं, हे मला फार वर्षांच्या सरावाने जमलं आहे. मग तो सावकाश म्हणाला, "मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट ना? तांबंच बसत असेल विळ्यावर. म्हणजे तांबं मोकळं राहिलं. चुना कमी पडला."

मी कागद पुढे सरकवला. "एक किलो मोरचूद म्हणजे किती मोल?" मोल म्हणजे डझनासारखं, कणांची ठरावीक संख्या मोजायचं एकक. पाण्याच्या पाच रेणूंसकट मोरचुदाचा एक मोल सुमारे २५० ग्रॅमचा, म्हणजे चार मोल. कळीचा चुना ५६ ग्रॅमचा, म्हणजे किलोत जवळपास अठरा. आकडे पाहून तो खुर्चीत पुढे सरकला. "किलो सारखे, पण मोल चारपटीहून जास्त! मग तर चुना उरलाच पाहिजे. विळा लाल व्हायलाच नको."

"पण होतो."

"होतो मॅडम. मी पाहिलाय." आणि थोड्या वेळाने, "चुना जुना असला की होतो. पोतं उघडं राहिलं होतं तेव्हा झाला होता." हवेतला कार्बन डायऑक्साइड लागून चुन्याचा कार्बोनेट होतो, हे त्याला बारावीपासून पाठ होतं. आज ते घरच्या चुन्याच्या पोत्याशी जुळलं. एक किलो चुना आणला म्हणजे एक किलो चुना उरलेला असतोच असं नाही, म्हणून आधी तोच संपला. टेस्टमध्ये कोरा सोडलेला लिमिटिंग रिएजंटचा, म्हणजे आधी संपून क्रिया थांबवणाऱ्या पदार्थाचा, प्रश्न हाच होता.

मग त्याने स्वतःहून अमोनियाचं चित्र ओढून घेतलं, सहाची माळ खोडली आणि दोन-दोनच्या तीन जोड्या काढल्या. "हे चिकटलेले नव्हते ना मॅडम?" मी फक्त मान हलवली. मला या क्षणाचा आजही अभिमान वाटतो, कारण त्या तासात मी त्याला केमिस्ट्रीचं एकही उत्तर सांगितलं नव्हतं.

ग्लासगोचे रसायन-शिक्षणतज्ज्ञ अॅलेक्स जॉनस्टन यांनी १९९१ मध्ये हेच मांडलं होतं. केमिस्ट्री तीन पातळ्यांवर चालते: डोळ्यांना दिसणारी, न दिसणाऱ्या कणांची, आणि चिन्हांची. शिकवणारा तिन्हींवर सहज येजा करतो, नवा विद्यार्थी मात्र एकदम तिन्ही पेलता पेलता थकतो. या मुलाकडे डोळ्यांना दिसणारं बोर्डो होतं आणि चिन्हं होती, मधले कण तेवढे नव्हते. निघताना मी विचारलं, "मग, मेंदू नाही?" तो म्हणाला, "मोलपाशी अडतं." मला एवढंच हवं होतं. 'मोलपाशी अडतं' यावर काम करता येतं.

पुढच्या टेस्टमध्ये त्याला २९ मिळाले. अजून मेडिकलचं दुःख पुरतं गेलेलं नाही, त्यावर आम्ही वेगळं बोलतो. बी.एस्सी.ला 'उरलेलं' समजून बसलेल्या मुलांना हे दुःख आधी मोकळेपणाने बोलू द्यावं लागतं, नाहीतर प्रत्येक टेस्ट त्याच जखमेवर पडते.

असाच प्रश्न घेऊन बसलेल्या मुलामुलींना माझं सांगणं आहे: धडा वाचून झाला की पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. अडलात तिथे खूण करा, मगच पुस्तक उघडा. हे वाचण्यापेक्षा जास्त त्रासाचं वाटेल आणि सुरुवातीला आपल्याला काहीच येत नाही असंही वाटेल. आठवडाभर तरी सोडू नका. प्रत्येक समीकरणाखाली गोळ्यांचं चित्र काढा. स्वतःला समजावताना घरच्या बोलीत समजावा, इंग्रजी उत्तर नंतर लिहा. गणितात आकड्यासोबत एकक प्रत्येक पायरीला लिहा, ग्रॅम आणि मोलची गल्लत तिथेच पकडली जाते. प्रॅक्टिकलला टायट्रेशन करताना शेजाऱ्याचं रीडिंग उतरवू नका. फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचा तो फिकट गुलाबी रंग एका थेंबाने येतो आणि टिकतो, तेव्हा फ्लास्कमध्ये आधी काय संपलं हे स्वतःला विचारा. सरांकडे जाताना 'काहीच समजलं नाही' म्हणून जाऊ नका, खूण केलेली ओळ दाखवा. मोठ्या वर्गातही अशा प्रश्नाला बहुतेक शिक्षक वेळ देतात.

आईबाबांनी फोनवर मार्कांआधी जेवण आणि झोपेबद्दल विचारावं. मूल आठवडे झोपत नसेल, खात नसेल, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवत असेल, तर केमिस्ट्री बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं.

पहिली टेस्ट बिघडली असेल तर पुढच्या धड्यांमागे धावण्याआधी मोलच्या धड्याकडे परत जा. द्रावणाची तीव्रता, वायूंची गणितं, समतोल, सगळं त्याच्यावर उभं आहे. रोज दोनच उदाहरणं, पण पर्यायांशिवाय आणि चित्रासकट.