नातवाचा जॉनी आणि काळी पाच

प्रश्न : माझा सोळा वर्षांचा नातू सकाळ-संध्याकाळ गिटारवर ‘जॉनी बी. गुड’ घोटतो. गाणं म्हणे १९५८ सालचं, म्हणजे माझ्याहून थोडंच धाकटं! आम्ही भजनं नि नाट्यगीतं ऐकणारे. या पोरांना त्यात एवढं काय सापडतं?
– एक आजी, मिरज

उत्तर : आजी, तो घोटतोय तो सुरुवातीचा तुकडाच असणार. माझ्या क्लासला येणाऱ्या पोरांनाही पहिल्या दिवशी तोच हवा असतो. गंमत म्हणजे तो हे गाणं लिहिणाऱ्या-गाणाऱ्या चक बेरीचा मूळचा नव्हेच. अमेरिकन गायक लुई जॉर्डनच्या १९४६ सालच्या एका गाण्यात गिटारवादक कार्ल होगननं तो जवळजवळ तसाच वाजवलाय. बेरीनं उचलला, पण पुढे दोन-दोन तारा एकदम छेडत असा काही पळवला की होगनचं नाव आज कुणाला ठाऊक नाही.

पण नुसत्या बोटांच्या करामतीवर गाणं एवढं टिकत नाही. गाण्यातला जॉनी म्हणजे अमेरिकेच्या लुइझियानातल्या रानात, लाकडी खोपटात राहणारा एक पोरगा. लिहिण्या-वाचण्याच्या नावानं बोंब. रुळांशेजारी झाडाखाली बसून गिटार वाजवतो. आई म्हणते, एक दिवस तुझं नाव दिव्यांत झळकेल. बस्स! झळकलं की नाही, ते गाणं सांगतच नाही. माझ्या मते खरी मेख तिथे आहे. तुमच्या नातवालाही अजून ते कळायचंय ना!

बेरीनं आधी ‘काळा पोरगा’ असं लिहिलं होतं. रेडिओवर वाजणार नाही म्हणून ‘खेड्यातला पोरगा’ केलं. तो स्वतः सेंट लुइस शहरातला, जन्म गुड अॅव्हेन्यूवरचा. जॉनीचं ‘गुड’ हे आडनाव तिथून आलं.

आणि नाट्यगीतवाल्यांनी नाक मुरडू नये. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली, तिच्यात हे गाणं आहे आणि आपल्या केसरबाई केरकरांची भैरवीसुद्धा, ‘जात कहां हो’.

एक काम करा. मूळ गाणं एकदा गिटार विसरून, मागच्या पियानोकडे कान देऊन ऐका. लाफायेत लीक मागे धुमाकूळ घालतोय. पट्टी काळी पाच, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पाचवी काळी पट्टी हाच सा, अर्थात षड्ज. घरात पेटी असेल तर षड्ज धरून नातवाशेजारी बसा. तो बेसूर झाला की त्याच्याआधी तुम्हालाच कळेल.