१२८ चं ३२० केलं, आवाज तसाच!

प्रश्न: बाबांच्या ऐंशी-नव्वद सीडी आहेत, सगळ्या भजनं आणि शास्त्रीयच्या. मित्राने त्यातल्याच काहींच्या १२८ च्या (म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट) एमपीथ्री दिलेल्या, त्या मी ३२० ला कन्व्हर्ट केल्या, फाईल अडीचपट झाली पण आवाज होता तसाच. आता सीडीच कॉपी कराव्या म्हणतोय, तर कुठल्या फॉरमॅटमध्ये, एमपीथ्री, एएसी की फ्लॅक? आणि पन्नाशीच्या कानांना फरक कळतो का?

उत्तर: अहो, ताकाचं परत दूध होतं का! १२८ करताना जे काढून टाकलं ते गेलंच, ३२० करून नुसतं पातेलं मोठं झालं, उलट दुसऱ्यांदा कॉम्प्रेस झाल्याने अजून थोडं गेलं असेल. त्या फाईली सरळ डिलीट मारा.

सीडीवर सेकंदाला १४११ किलोबिट असतात, १२८ म्हणजे त्याचा अकरावा हिस्सा. तरी गाणाऱ्याचा आवाज, पेटी बरी वाटते, मार खातात ते टाळ. एमपीथ्री आवाजाचे बारीक तुकडे पाडते आणि कॉम्प्रेशनची घाण त्या अख्ख्या तुकड्यावर पसरते, म्हणजे टाळ तुकड्याच्या शेवटी वाजला तर त्याच्या आधीच्या शांततेतच 'फुस्स' असं काहीतरी येतं. याला प्री-एको म्हणतात आणि एकदा लक्षात आलं की मग तेच ऐकू येत राहतं (माझं एक आवडतं भजन असं कायमचं वाया गेलंय). तबल्याच्या 'ना'लाही हाच त्रास. तितक्याच बिटरेटला (म्हणजे सेकंदाला तितक्याच किलोबिटमध्ये) एएसी बरंच सावरून घेते, तीही एमपीथ्रीसारखी कॉम्प्रेस केलेलीच.

मी फूबार प्लेअरला एबीएक्सचं प्लगइन लावून बसलो होतो, त्यात मूळ फाईल वाजतेय की कॉम्प्रेस केलेली ते दिसत नाही, कानानेच ओळखायचं. १२८ ची एमपीथ्री १६ पैकी १५ वेळा पकडली, टाळामुळेच. २५६ ची एएसी १६ पैकी ९, म्हणजे छापा-काटाच की! आणि त्याआधी मी चारचौघांत फ्लॅकची 'खोली' वगैरे सांगत फिरायचो. तुम्हीही करून बघा, फक्त दोन्हींचा व्हॉल्यूम सारखा ठेवा, जरा मोठं वाजलं की ते आपल्याला चांगलंच वाटतं. पन्नाशीत अगदी वरचे, १५-१६ किलोहर्ट्झचे आवाज बहुतेकांचे गेलेले असतात, पण ती फुसफुस त्याच्या खालीही असते.

तरी सीडी फ्लॅकमध्येच कॉपी करा. कशाला? तर त्यात काहीच फेकलं जात नाही, त्यामुळे उद्या कुठलाही फॉरमॅट आला तरी त्यातून काढता येतो. सगळ्या सीडी मिळून तीसेक जीबीत बसतील. फोनमध्ये त्यातूनच बनवलेली २५६ ची एएसी टाका, ब्लूटूथ हेडफोन असेल तर वाटेत आवाज पुन्हा कॉम्प्रेस होतोच.

आणि कॉपी करायच्या आधी सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल गोल नको. खराब वाचलं गेलं तर फ्लॅकमध्ये ती खरखरही जशीच्या तशी येते.