चाळीस पानांतली एक मगर

प्रश्न : मी बडोद्याला फाइन आर्ट्समध्ये अप्लाइड आर्टच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आईने लहानपणी दूरदर्शनवर पाहिलेली ‘गायब आया’ ही भुताची कार्टून मालिका नव्याने यावी, असं फार वाटतं. चाळीस पानांचा प्रस्ताव मुंबईच्या एका स्टुडिओला पाठवला, तो सोबत जोडते आहे. तीन महिने झाले, उत्तर नाही. बाबा म्हणतात, हा नाद सोड.

उत्तर : तुझी पानं दोनदा वाचली. बाबांना सांग, हा नाद नाही, काम आहे. फक्त ईमेल पाठवणं सध्या थांबव.

उत्तर आलं नाही याचा तुझ्या चित्रांशी बहुधा संबंध नाही. बरेच स्टुडिओ न मागवलेला प्रस्ताव उघडतच नाहीत. उद्या तशीच मालिका निघाली तर चोरीचा आळ येईल, ही धास्ती असते. शिवाय हे भूत तुझं नाही. दिग्दर्शक सुद्धसत्त्व बसूंची ही मालिका १९८६ ची. आपल्या कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, म्हणजे इथे किमान २०४६ अखेरपर्यंत. तेव्हा आधी हक्क कोणाकडे आहेत ते दूरदर्शनला आणि मालिका करणाऱ्या मंडळींना एका पानाचं पत्र लिहून विचार. ‘एक्स-मेन’ ही अमेरिकन सुपरहिरोंची जुनी कार्टून मालिका ‘एक्स-मेन ९७’ या नावाने पुढे काढताना १९९२ च्या मूळ मालिकेचं लेखन सांभाळणाऱ्या लेवाल्ड दांपत्याला सल्लागार म्हणून घेतलं होतं. जुन्या माणसांना वगळून जाऊ नकोस.

आता प्रस्ताव. त्यातली तीसेक पानं आईच्या आठवणींची आहेत. गोड आहेत, पण स्टुडिओ विचारणार, आज का? १९८७ च्या ‘डकटेल्स’ या डिस्नेच्या बदकांच्या कार्टून मालिकेत डोनाल्ड डकचे तिघे भाचे जवळपास एकसारखे होते. २०१७ मध्ये मालिका परत आली तेव्हा तिघांना वेगळे स्वभाव मिळाले आणि त्यांची आई कुठे गेली, हा प्रश्न कथेच्या मध्यभागी आला. जुन्यात राहून गेलेलं असं काही तुझ्याकडे मला एकाच पानावर दिसलं. पावसाळ्यात विश्वामित्री नदीतली मगर सोसायटीत शिरते, सगळे काठ्या घेऊन धावतात आणि भूत मगरीच्या बाजूने उभं राहतं. तिथे मी थबकलो. नदीकाठच्या सोसायटीत राहणाऱ्या मुलीलाच हे सुचू शकतं.

खरं तर त्या प्रसंगाला ‘गायब’ या जुन्या भुताची गरजच नाही. त्याच्या जागी स्वतःचं पात्र आण, हक्कांचा प्रश्नच उरणार नाही. दहा-बारा पानं पुरेत : दोन ओळींत गोष्ट, पात्रांची चित्रं, एका भागाची पूर्ण कथा, आणखी तीन-चार भागांचे सारांश. सोबत दीड मिनिटाचं अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे कच्ची चित्रं ओळीने लावून आवाज जोडलेला व्हिडिओ, तुझ्याच आवाजात. नुसत्या कल्पनेला कॉपीराइट नसतो, लिहिलेल्या-काढलेल्या कामाला असतो. म्हणून लिखाण स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवून ठेव. पुढे अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, अ‍ॅनिमेशनला एम.डेस. ही पदव्युत्तर पदवी करायचं ठरवलंस, तर मुलाखतीत हेच काम दाखवता येईल. बाबांना हेही सांग.

मगरीचं अ‍ॅनिमॅटिक झालं की आधी आईला दाखव, मग मला पाठव.