पहिल्या सराव पाठाआधी गप्प राहायला शिका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात प्रवेश झालाय, पुढच्या आठवड्यात नवीन वर्ष सुरू होतंय, विषयाची तयारी पक्की आहे, पण वर्गासमोर उभं राहायची धास्ती वाटते, तर आतापासून काय वाचून ठेवू?

वाचनाची यादी राहू द्या. ती विभागाकडून मिळेलच, आणि मिळाली की नकोशीही होईल. मी आधी छात्राध्यापक होतो, नंतर बरीच वर्षं दुसऱ्यांचे सराव पाठ तपासले. त्यातून जे कळलं ते सांगतो.

पहिली गोष्ट, तुम्ही कोरी पाटी घेऊन जात नाही आहात. डॅन लॉर्टी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये हिशेब मांडला होता की शाळा संपेपर्यंत विद्यार्थ्याचे सुमारे १३,००० तास शिक्षकांसमोर गेलेले असतात. इतकी उमेदवारी क्वचितच कुठल्या पेशात आधीच होऊन जात असेल. पण ती झालेली असते बाकावरून. तिथून शिक्षक काय करतात ते दिसतं, का करतात ते दिसत नाही. म्हणून पहिल्या पाठाला आपल्या तोंडून आपल्याच जुन्या बाईंची वाक्यं बाहेर पडतात, लकबीसकट. त्याची लाज वाटून घेऊ नका, फक्त ती ओळखा.

सुरुवातीला बहुधा सूक्ष्म अध्यापन असेल. १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि सहकाऱ्यांनी ते घडवलं. मोजके विद्यार्थी, पाच-दहा मिनिटं, एकच कौशल्य. शिकवा, इतरांचं ऐका, आणि तोच पाठ सुधारून पुन्हा घ्या. समोर आपलेच मित्र सातवीतली मुलं बनून बसलेले असतात, त्यामुळे सगळा प्रकार लुटुपुटूचा वाटतो. तसा तो आहेही. पण बरेच जण 'पुन्हा घ्या' हा भाग सही घेण्यापुरता उरकतात. तुम्ही तेवढं करू नका. खरं शिकणं दुसऱ्या फेरीत होतं.

आता धास्तीबद्दल. 'बोलता येईल ना' ही सगळ्यांचीच भीती असते. माझ्या अनुभवात बोलता न आल्याने पडलेले पाठ फार थोडे. थांबता न आल्याने पडलेले पुष्कळ. माझा पहिलाच पाठ त्यातला. बाष्पीभवन शिकवत होतो. मला वाटलं, झकास झाला. मार्गदर्शकांनी निरीक्षण वहीत एवढंच लिहिलं होतं: 'प्रश्न बारा. त्यांपैकी नऊंची उत्तरे स्वतःच दिली.'

विज्ञान शिक्षणाच्या अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण ऐकून हेच मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत. तोच अवकाश तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांबली, 'माहीत नाही' कमी झालं, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे काय ते घड्याळ लावून बघा. वर्गासमोर ते युगासारखे वाटतात. मी फळ्याकडे तोंड करून मनात आकडे मोजायचो. चेहरा मुलांकडे असला की मला राहवायचंच नाही.

वर्गनिरीक्षणात नेड फ्लँडर्स या अमेरिकी संशोधकाची पद्धत शिकाल. वर्गातल्या बोलण्याची दर तीन सेकंदांना नोंद करायची, रकाने दहा: सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या, आणि दहावा 'शांतता किंवा गोंधळ'. या दहाव्या रकान्याशी माझं कधीच जमलं नाही. मुलगी उत्तर जुळवतेय ती शांतता आणि मागच्या बाकांवरचा कलकलाट एकाच आकड्यात कसे बसवायचे? परीक्षेत अर्थातच छापील उत्तर लिहा. पण निरीक्षणाला बसाल तेव्हा त्या रकान्यापुढे समासात एक खूण करत जा, ही शांतता कसली होती याची. शिवाय मागे भिंतीला टेकून बसू नका. एका बाजूला, मुलांचे चेहरे दिसतील असे बसा. शिक्षकाला तुम्ही जन्मभर पाहिलंय.

पाठ टाचणाचं, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्याचं, फार टेन्शन घेऊ नका. फक्त उद्दिष्टात 'विद्यार्थ्यांना बाष्पीभवन समजेल' असं लिहू नका, तपासणारा तिथेच लाल रेघ मारतो. 'ओले कपडे वाऱ्यावर लवकर का वाळतात ते विद्यार्थी सांगतील', हे वर्गात ऐकून पडताळता येतं. आणि प्रत्येक प्रश्नापुढे कंसात 'थांबा' लिहा. मी शेवटच्या सराव पाठापर्यंत लिहीत होतो.

पहिलं टाचण झालं की इथेच टाका, बघून सांगतो. विषय कोणता घेतलाय तेही कळवा. भाषेच्या तासाला आणि गणिताच्या तासाला थांबणं सारखं नसतं.