आधी गाडी वरची घे, सायलेन्सर नंतर

मित्रा, डुकाटीची पानिगाले ही स्पोर्ट्स बाईक घेताना साधी व्ही४ घेऊन तिला नवा सायलेन्सर लावावा की थेट वरची व्ही४ एस घ्यावी, असं तू विचारतोयस. तुझ्या जागी मी असतो तर पैसे वरच्या व्हेरियंटमध्ये घातले असते. पानिगाले व्ही४ आणि व्ही४ एस यांचं इंजिन एकच, पण एसला ओहलिन्स कंपनीचं इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन आणि फोर्ज्ड, म्हणजे धातू दाबून घडवलेली हलकी चाकं मिळतात. हलक्या चाकांमुळे गाडी वळणात किती सहज झुकते, ते चालवल्यावरच कळतं. हे सगळं मागाहून सुटं बसवायला गेलास तर व्हेरियंटमधल्या फरकापेक्षा बहुधा जास्तच खर्च होईल.

सायलेन्सर मात्र कधीही बदलता येतो. नुसता स्लिप-ऑन, म्हणजे एक्झॉस्टचा फक्त शेवटचा भाग, लावला की वजन थोडं उतरतं, आवाज बदलतो. ताकद जेमतेम वाढते. खरा फरक हवा तर हेडरपासून (इंजिनातून निघणाऱ्या पाइपांपासून) फुल सिस्टिम आणि सोबत ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं ट्यूनिंग लागतं. ट्यूनिंग टाळलंस तर इंधन-हवेचं मिश्रण लीन होऊ शकतं, म्हणजे इंधन कमी पडतं, थ्रॉटल सोडताना फटफट आवाज येतो. शिवाय धुरातले घातक वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलास तर रस्त्यावर ते बेकायदेशीर ठरू शकतं आणि वॉरंटीचाही प्रश्न येतो.

आवाजाचा मोह मला कळतो रे, मलाही होतो. पण वळणात ब्रेक मारत शिरताना भरवसा लागतो तो सस्पेन्शनचाच. बजेट अगदीच ताणलं जात असेल तर साधं मॉडेल घे, उरलेल्या पैशांत चांगले टायर आणि एक ट्रॅक ट्रेनिंग कर.