इंडिकेटरची दांडी आणि रात्रभर जळणारा दिवा

प्रश्न : आमच्याकडे २००४ची स्कोडा ऑक्टाव्हिया १.९ टीडीआय आहे. जास्त करून वडीलच चालवतात. संध्याकाळी सोसायटीत गाडी लावून किल्ली काढली, की कधीकधी डाव्या बाजूचा पुढचा छोटा दिवा आणि मागचा लाल दिवा चालूच राहतो. लाइटचा स्विच बंद असतो, तरीही. वॉचमन वर येऊन सांगतो तेव्हा कळतं. मध्यंतरी शुक्रवारी संध्याकाळी लग्नाला गेलो आणि सोमवारी परतलो, तर बॅटरी पूर्ण उतरलेली. ओळखीचे इलेक्ट्रिशियन म्हणतात, वायरिंग कुठेतरी शॉर्ट आहे, तूर्त त्या दिव्यांचा फ्यूज काढून ठेवा. काढावा का? मेव्हण्यांच्या लॉरामध्येही अधूनमधून असंच होतं.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : फ्यूज काढू नका. तुमचं वर्णन वाचून मला वायरिंग शॉर्ट वाटत नाही. गाडी तिला जे शिकवलंय तेच करतेय. आज एक साधी परीक्षा घ्या. किल्ली काढा, इंडिकेटरची दांडी डावीकडे करा आणि खाली उतरून बघा. डावीकडचे दोन्ही छोटे दिवे लागलेले दिसतील. दांडी वर, उजवीकडे केलीत तर उजवीकडचे लागतील. मधे आणली की सगळे विझतील. असं झालं तर गाडी ठणठणीत आहे. दांडी मधे असूनही दिवा जळत राहिला तरच बिघाड समजा, आणि तोही बहुतेक दांडीच्या स्विचच्या झिजलेल्या पत्त्यांचा असतो.

किल्ली काढल्यावर दांडीने एकाच बाजूचे छोटे दिवे लावायची ही सोय मूळची जर्मन रस्त्यांसाठी आहे. तिथे गाड्या रात्रभर रस्त्याच्या कडेला उभ्या असतात. त्यांच्या रस्ता वाहतूक नियमावलीचं कलम १७ सांगतं, की अंधारात उभी गाडी दिसली पाहिजे. वस्तीत रस्त्यावरचा उजेड पुरेसा नसेल, तर निदान वाहतुकीकडची बाजू तरी दिव्यांनी दाखवा. तिथल्या काही दिव्याच्या खांबांवर पांढऱ्या कडांचा लाल पट्टा असतो. त्याचा अर्थ, हा दिवा रात्रभर जळत नाही. अशा खांबाखाली गाडी लावणाऱ्याने स्वतःची सोय करायची. चारही दिवे ठेवले तर बॅटरी दुप्पट खर्च होते, म्हणून एकाच बाजूचे. फोक्सवॅगन, आउडी, बीएमडब्ल्यू अशा जुन्या गाड्यांमध्ये हे काम इंडिकेटरच्या दांडीकडे दिलं, आणि ऑक्टाव्हिया औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात तयार झाली तरी वायरिंग त्याच फोक्सवॅगन घराण्याचं.

मर्सिडीजने मात्र हे जास्त शहाणपणाने केलं. पिंपरीत १९९५पासून जुळणी झालेली डब्ल्यू १२४ (ई-क्लास) आठवा. तिच्यात एका बाजूचे दिवे लावायला दिव्यांचा गोल स्विच मुद्दाम उलट्या बाजूला फिरवावा लागतो. चुकून ते होत नाही. दांडीचं तसं नाही. वडील फाटकातून डावीकडे वळतात, जागेवर गाडी घालताना स्टिअरिंग वळलेलंच राहतं आणि तसंच इंजिन बंद होतं. दांडी आपोआप मधे येते ती स्टिअरिंग सरळ होताना. ते सरळ झालंच नाही, तर दांडी डावीकडेच अडकून राहते. तुमचा दिवा नेहमी डावीकडचाच का, याचं उत्तर मला इथेच दिसतं. तुमच्या जागेवर यायचं वळण डावं असणार. यात वडिलांना बोल लावू नका. रोज दुसऱ्यांच्या गाड्या हाताळणाऱ्या ड्रायव्हरांकडूनही हे होतं.

आता बॅटरीचं. एका बाजूचे दोन बल्ब साधारण ५-५ वॅटचे, म्हणजे १२ व्होल्टवर जवळपास ०.८ अँपिअर. एका रात्रीत, १० तासांत, ८ अँपिअर-तास गेले. चांगली बॅटरी तेवढं सोसते, सकाळी गाडी निमूट सुरू होते आणि कोणाला पत्ताही लागत नाही. पण शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ म्हणजे ६० तास, जवळपास ५० अँपिअर-तास. ६० अँपिअर-तासांच्या आसपासची बॅटरी तिथे संपली, आणि डिझेल इंजिनाच्या सेल्फला तर भरपूर करंट लागतो. अशी पूर्ण उतरलेली बॅटरी नुसती जंपर लावून वापरात आणू नका. चार्जरवर हळूहळू पूर्ण भरा आणि मग लोड टेस्ट करा.

फ्यूज का नको तेही सांगतो. या गाडीत डाव्या आणि उजव्या छोट्या दिव्यांना वेगळे फ्यूज आहेत. डावा काढलात तर रात्री गाडी चालवतानाही डावा टेललॅम्प बंद राहील. मागून येणाऱ्या ट्रकला एकच लाल दिवा दिसला, तर तो तुम्हाला मोटारसायकल समजेल. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०९ पार्किंग लाइट, म्हणजे हेच छोटे दिवे, असायलाच हवेत म्हणतो, आणि गाडी रस्त्यावर उभी असतानाही ते चालू राहायला हवेत. म्हणून दिवे शाबूत ठेवायचे आणि दांडीची करामत तेवढी बंद करायची.

त्याची जागा इग्निशन स्विचमध्ये आहे. किल्लीच्या कुलपाच्या मागच्या टोकाला प्लास्टिकचा स्विच आणि त्यावर कपलर, म्हणजे सगळ्या वायरी एकत्र जोडणारा प्लग, असतो. त्यातलं 'पी' टर्मिनल किल्ली बंद असतानाच दांडीला करंट देतं. स्टिअरिंगखालचं कव्हर काढून मल्टिमीटर लावा. किल्ली बंद असताना १२ व्होल्ट आणि चालू करताच शून्य दाखवणारी जी वायर, ती हीच. बॅटरीची थेट वायर दोन्ही वेळा १२ दाखवते, इतर वायरी किल्ली घातल्यावर किंवा फिरवल्यावर जाग्या होतात. म्हणून रंगावर विसंबू नका, मीटरवर विसंबा. वायर सापडली की बॅटरीची निगेटिव्ह काढा. रेडिओला कोड असेल तर तो आधी कागदपत्रांत शोधून ठेवा, नाहीतर रेडिओ 'सेफ' दाखवून गप्प बसेल. मग कपलरमधून ती एकच पिन बारीक सुईसारख्या हत्याराने सोडवा, त्यावर हीट श्रिंक ट्यूब चढवा आणि हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) बांधून टाका. कापू नका. पुढे कोणाला सोय परत हवी झाली, तर पिन जागेवर बसवली की झालं. स्टिअरिंग व्हील किंवा एअरबॅग सोडवायची काहीच गरज नाही. कोणी त्याला हात घालू लागला, तर काम थांबवा.

बॅटरीची निगेटिव्ह परत जोडल्यावर चारही छोटे दिवे, दोन्ही इंडिकेटर, चारही इंडिकेटर एकदम लावणारं बटण, अपर-डिपर आणि दिवे चालू ठेवून दार उघडल्यावर वाजणारा बझर, सगळं तपासा. तुमच्या इलेक्ट्रिशियनला हा मजकूर दाखवा. मीटर हाताळणाऱ्या माणसासाठी काम अवघड नाही.

मेव्हण्यांच्या लॉराला मात्र हा उपाय लागू नाही. तिच्यात दांडीचा संदेश कंट्रोल युनिटमार्फत जातो, त्यामुळे सोडवायला 'पी'ची वायरच नसते. त्या मालिकेच्या गाड्यांवर लॅपटॉपने कोडिंग करणाऱ्याकडे जावं लागेल, आणि त्याने कोडिंग बदलण्याआधी जुना कोड लिहून घ्यायला सांगा.